हौस आपली, ऊन मात्र कुत्र्याच्या वाट्याला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : कुत्र्याची जात निवडताना केवळ रूपाला दिले जाणारे महत्त्व

गेल्या काही वर्षांत चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा या जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावांमध्ये, आणि आता तर थेट खेड्यांमध्ये, विलायती जातींची पिल्ले येऊ लागली आहेत. कापूस-सोयाबीन विकून हातात चार पैसे आलेला तरुण शेतकरी, नव्याने नोकरीला लागलेला शिक्षक किंवा रस्त्यात जमीन गेल्याचा मोबदला मिळालेले एखादे कुटुंब मोबाइलवर आलेल्या फोटोवरून पिल्लू पसंत करते, आणि ते पिल्लू नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने खोक्यात बसून गावात पोचते. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केलेला आणि निवृत्तीनंतरही ज्याच्याकडे गावातले लोक आपली जनावरे घेऊन येतात असा एक माणूस या नात्याने मी प्रत्येकाला विचारतो, की हीच जात का घेतली. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळते : वावराच्या आणि कोठ्याच्या राखणीसाठी. मात्र विकणाऱ्याशी बोलताना त्याच माणसाने काय काय विचारले होते ते ऐकले, तर डोळे निळे आहेत का, ‘डबल कोट’ म्हणजे दाट दुहेरी केस आहेत का, ‘हेवी बोन’ म्हणजे जाड हाड आहे का, तोंड ‘पंच फेस’ म्हणजे आत दाबलेले आहे का, एवढेच निघते. यांपैकी एकाही गोष्टीचा राखणीशी संबंध नाही.

रूपाची आवड असणे मी गैर मानत नाही. बैलजोडी घेतानाही आपण शिंगांची ठेवण आणि अंगाचा रंग पाहतोच, आणि पोळ्याला ती जोडी सजवून मिरवताना होणारा आनंद खराच असतो. माझे म्हणणे इतकेच आहे, की हौस असेल तर ती हौस म्हणून कबूल करावी. ती कबूल केली म्हणजे तिचा भार कोणावर पडणार हा पुढचा प्रश्न विचारता येतो. राखणीच्या नावाखाली ती झाकली, की तो प्रश्न कोणी विचारतच नाही. काही आवडी अशा असतात, की त्यांचा कुत्र्याला काडीचाही त्रास होत नाही, आणि काही अशा असतात, की आपल्याला जे रूप आवडते तेच त्या जनावराचे जन्मभराचे दुखणे असते. या दोहोंतला फरक गावोगावी समजावून सांगण्याची गरज आहे, म्हणून हे पत्र.

सर्वांत आधी निळ्या डोळ्यांच्या हस्कीबद्दल लिहितो, कारण आपल्या भागात तिचे हाल मला सर्वाधिक दिसतात. ही जात ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून घसरगाड्या ओढण्यासाठी घडवली. १९२५ साली अलास्कातल्या नोम या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा अशाच कुत्र्यांच्या तुकड्यांनी हाडे गोठवणाऱ्या थंडीत सुमारे १,०८५ किलोमीटरचे अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोचवले होते. ज्या शरीराने हा पराक्रम केला, त्या शरीरावर केसांचे दोन थर असतात : वर लांब राठ केस आणि आत दाट, लोकरीसारखी लव. असे शरीर आपण चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात आणून बांधतो. या दोन गावांची नावे उन्हाळ्यात देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत वारंवार असतात, पारा ४५ ते ४७ अंशांवर जातो आणि नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, तर रात्रीही भिंतींतून आच येत राहते, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात, आणि त्या शरीर थंड ठेवायला पुरत नाहीत. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जीभ, तोंड आणि नाक यांतल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनातून बाहेर टाकतो. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते, आणि ते ४१ अंशांच्या पलीकडे गेले म्हणजे उष्माघात होऊन मेंदू, मूत्रपिंड आणि आतडी यांना इजा होऊ लागते. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असते तेव्हा धापा हा एकच उपाय त्याच्या हाती उरतो. अनेक जण सांगतात, की आम्ही त्याच्यासाठी कूलर लावला आहे. परंतु ऐन दुपारी वीज गेली की कूलर बंद पडतो, आणि जूनच्या सुरुवातीला हवेत दमटपणा आला की कूलर चालू असूनही खोली थंड होत नाही. त्याच दमट हवेत कुत्र्याच्या धापाही निकामी ठरतात, कारण ओलावा सुकण्याची क्रियाच मंदावते. माझ्या पाहण्यात आलेली उष्माघाताची बरीच कुत्री भर मे महिन्यात नव्हे, तर पावसाआधीच्या त्या कोंदट दिवसांत दगावली. काही मालक कळवळून कुत्र्याचे केस मुळापासून काढतात. त्याने कातडीला थेट ऊन लागते, आणि दोन थरांचे केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच याची खात्री नसते. ज्यांच्याकडे असे कुत्रे आधीच आहे, त्यांनी ते सावलीत, मातीच्या गार जमिनीवर ठेवावे आणि पहाटेशिवाय हिंडवू नये. ते लडखडू लागले किंवा त्याची जीभ गडद लाल झाली, तर अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा आणि विनाविलंब दवाखाना गाठावा.

एवढे सगळे सोसून ही जात राखण तरी करते का? तिच्या स्वभावात परक्याविषयी संशय फारसा नाही, अनोळखी माणसाजवळही ती शेपूट हलवत जाते. उलट लहान जनावराचा पाठलाग करण्याची वृत्ती तिच्यात प्रबळ असते, त्यामुळे दावे सुटले की शेजाऱ्याच्या कोंबड्या आणि बकरीची पिल्ले धोक्यात येतात आणि गावात भांडणे लागतात.

चपट्या तोंडाच्या पगबद्दल थोडक्यातच लिहितो. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग दाखवला गेला, आणि तेव्हापासून ही जात देशभर पसरली. त्याचे नाकाड आखूड करत करत इतके आत दाबले गेले आहे, की आतला मऊ टाळू आणि नाकपुड्या श्वासाच्या वाटेत येतात. त्याची घोरण्यासारखी घरघर लोकांना गोड वाटते. वस्तुतः ते जनावर श्वासासाठी झगडत असते. ज्या अवयवातून कुत्रा उष्णता बाहेर टाकतो, तोच अवयव येथे छाटल्यासारखा झालेला असल्याने आपल्या उन्हाळ्यात त्याची अवस्था हस्कीहून बिकट होते. नेदरलँड्समध्ये ठरावीक प्रमाणाहून आखूड नाकाडाच्या कुत्र्यांची पैदास करण्यास मनाई आहे. आपल्याकडे तर ‘पंच फेस’ म्हणून त्याच आखूडपणाचे जास्त पैसे घेतले जातात.

दोष केवळ विलायती जातींच्या शौकिनांवर ठेवून मला थांबता येणार नाही, कारण रूपावरून पारख करण्याची आपली स्वतःची गावठी रीतही आहे, आणि तिच्यातही चांगले-वाईट मिसळलेले आहे. कपाळावर दोन्ही डोळ्यांच्या वर ठिपके असलेले ‘चार डोळ्यांचे’ पिल्लू आजही खेड्यात आधी उचलले जाते. ही आवड फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांचे वर्णन ‘चतुरक्षौ’ असेच केलेले आहे. या आवडीने कोणाचे काही बिघडत नाही. एकाच आईची पिल्ले असताना कोणी ठिपक्यांचे घेतले, कोणी पूर्ण काळे घेतले, कोणी पांढऱ्या पायांचे घेतले, तर ती ज्याची त्याची पसंती आहे आणि तीत आनंदच आहे.

‘वीस नखी’ कुत्र्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. सर्वसाधारण कुत्र्याला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. ज्याच्या मागच्या पायांनाही आतल्या बाजूला एकेक जादा नख असते, तो जास्त कडवा आणि शूर, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि अशा पिल्लाला मागणीही असते. त्या नखाचा आणि शौर्याचा काहीही संबंध नाही. ते बहुधा नुसत्या कातडीला लटकलेले असते, जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही, वाढत वाढत वळून मांसात घुसते किंवा काटेरी कुंपणात अडकून फाटते. असे कुत्रे पाळणाऱ्याने ती दोन नखे नियमितपणे कापली पाहिजेत. शूरपणाची आशा धरणारे एवढे करत नाहीत, आणि मग पायात पू झालेले जनावर आमच्यासमोर येते.

त्याहून वाईट म्हणजे कान कापण्याची प्रथा. कान कापल्याने कुत्रे तिखट होते असे सांगून लहान पिल्लाचा कान कात्रीने, क्वचित विळ्यानेही, कोणतीही भूल न देता कापला जातो. शहरातले लोक डॉबरमनचे कान उभे दिसावेत म्हणून हेच पैसे देऊन करून घेतात. दोन्ही ठिकाणी हेतू रूपाचाच आहे. पावसाळ्यात अशा जखमेवर माशा बसून किडे पडतात आणि पिल्लू डोके झटकत, ओरडत मरते. मी हे अनेकदा पाहिले आहे आणि त्याची सवय मला कधीच झाली नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा जनावराचे अंग छाटणे हा गुन्हा ठरवतो. परंतु कायद्याच्या आधी गावातल्या वडीलधाऱ्यांनीच हे थांबवले पाहिजे, कारण हा सल्ला पोरांना बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच मिळालेला असतो.

आणि मादी पिल्लांचे काय? त्यांना कोणी नाव ठेवण्याइतकेही पाहत नाही. नर पिल्ले वाटली जातात, माद्या पोत्यात घालून आठवडी बाजाराच्या जागी किंवा फाट्यावर सोडल्या जातात. नरच राखण करतो हा समज चुकीचा आहे. मादी तितकीच सावध असते, आणि माजावरच्या मादीच्या वासाने नर दिवसेंदिवस घर सोडून भटकतात, मारामारीत जखमी होऊन परततात, हे प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक आहे. पिल्ले नको असतील तर नसबंदीची शस्त्रक्रिया होऊ शकते, आणि ती झालेली मादी घर धरून राहते. माझ्या मते आपल्या निवडीतला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

आता राखणीकडे येतो. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या दिवसांत रोही (नीलगायी) आणि रानडुकरे यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी जागलीला जाणाऱ्या माणसाला कुत्र्याकडून नेमके काय हवे असते? त्याने दूरवरची चाहूल घ्यावी, वेळेवर भुंकावे, आणि हाक मारताच परत यावे. डुकरावर एकट्याने तुटून पडणारे कुत्रे सुळ्याने फाडले जाते, म्हणून नुसते आडदांड असून भागत नाही. त्याचे केस आखूड असावेत, कारण दिवाळीच्या सुमारास धुऱ्यावरचे कुसळ वाळले, की लांब केसांत अडकून ते कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरते, आणि दाट केसांखाली गोचिडी लपून बसतात व गोचीड ताप लक्षात येईपर्यंत उशीर होतो. त्याला घरची भाकर, कण्या आणि वरण यांवर, जोडीला अंडे किंवा ताक मिळाले तर, निभावता आले पाहिजे. लॅब्रॅडॉरसारख्या जातीचे विकतचे खाद्य मालकाला परवडले तरी ती बांधून ठेवल्यावर भराभर लठ्ठ होते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की भूक शमल्याची जाणीव कमी करणारा एक जनुकीय दोष सुमारे एक-चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये असतो. तेव्हा त्याच्या सतत मागण्याला लाड समजून खाऊ घालणे हे त्याच्या सांध्यांवर ओझे चढवणे आहे.

जर्मन शेफर्डचे नाव राखणीसाठी सर्वाधिक घेतले जाते, आणि मूळ जात खरोखरच कामाची आहे. माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ साली तिची नोंद सुरू केली, तेव्हा त्याचा भर कामावर होता, मेंढ्या राखणे हे ते काम होते. पुढे प्रदर्शनांतल्या बक्षिसांसाठी पाठीचा उतार आणि केसांचा भरदारपणा यांना महत्त्व आले, आणि आज कमरेच्या सांध्याचा जन्मजात दोष या जातीत वारंवार आढळतो. आपल्याकडे ‘सिंगल कोट’पेक्षा ‘डबल कोट’ला जास्त भाव आहे, म्हणजे विदर्भाच्या उन्हात जे कमी हवे त्यालाच आपण जास्त पैसे मोजतो. पिल्लाच्या आई-बापाचे सांधे कसे आहेत, हे विचारणारा गिऱ्हाईक मला अजून भेटलेला नाही.

शिवाय जात पाहिली म्हणजे स्वभाव कळला, हेही पूर्ण खरे नाही. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. रंग, केस, कानांची ठेवण या गोष्टी मात्र जातीवरून बिनचूक ओळखता येतात. थोडक्यात, जातीचे नाव आपल्याला रूपाची हमी देते आणि स्वभावाची फारशी देत नाही. आपले धनगर आणि गायकी (गुराखी) पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईला चार दिवस पाहत, ती कळपाजवळ कशी वागते, लहान मुलांवर गुरगुरते का, हे ताडत. ही पारख कोणत्याही कागदापेक्षा भरवशाची होती आणि ती आजही फुकट उपलब्ध आहे.

ताडोबाच्या परिसरातल्या गावांसाठी एक जादा सूचना करावीशी वाटते. बिबट्यासाठी कुत्रा हे नेहमीचे भक्ष्य आहे. महागडे कुत्रे चोरीला जाऊ नये म्हणून वावरात साखळीने बांधले, तर त्याला ना पळता येते ना झाडाआड होता येते. मोकळे गावठी कुत्रे निदान माणसाजवळ धाव घेते. ज्यांना बांधावेच लागते त्यांनी रात्री ते बंद कोठ्यात, माणसाच्या जवळ ठेवावे.

देशी जातींकडे लोकांचे लक्ष वळते आहे, याचे मला समाधान आहे. टपाल खात्याने २००५ साली मुधोळ, राजापालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग यांची तिकिटे काढली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी कुत्री पाळण्याचे आवाहन केले, आणि तेव्हापासून कारवानी व मुधोळ यांची पिल्ले आपल्याकडेही विकायला येतात. परंतु या जाती दूरवर नजर ठेवून भरधाव धावण्यासाठी घडलेल्या आहेत. त्यांची बारीक कंबर आणि लांब पाय आवडले म्हणून त्या घ्यायच्या आणि टिनाच्या छपराखाली दीड मीटरच्या साखळीला बांधायच्या, तर तो स्वदेशीचा अभिमान त्या कुत्र्याच्या काय कामाचा? सशामागे सोडण्यासाठी त्या घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे आणि ससा त्यातून सुटलेला नाही.

विक्रीच्या बाबतीत केंद्र सरकारचे २०१७ चे कुत्र्यांची पैदास व विक्री यासंबंधीचे नियम आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आपल्या भागात खोक्यातून येणारी पिल्ले कित्येकदा जेमतेम महिन्याची असतात, कारण जितके लहान तितके ते गोजिरे दिसते आणि लवकर खपते. आईपासून लवकर तोडलेले आणि लस न झालेले असे पिल्लू पार्वो या विषाणूमुळे होणाऱ्या हगवणीने आठवड्यात दगावते, आणि मालक मात्र आपल्या पाण्याला किंवा नजरेला दोष देत बसतो.

आपल्या दैनिकाकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पिल्लांच्या विक्रीच्या ज्या छोट्या जाहिराती आपण छापता, त्यांत विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक आणि पिल्लाची जन्मतारीख असल्याशिवाय त्या स्वीकारू नयेत. दुसरे असे, की नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडून, पिल्लू घेण्याआधी काय पाहावे यावर एक लेख लिहवून घ्यावा आणि तो उन्हाळ्यात नव्हे, तर हिवाळ्याच्या तोंडाशी छापावा. गावठी कुत्र्यांची बहुतेक पिल्ले त्याच दिवसांत जन्मतात, आखरावर आणि कडब्याच्या गंजीखाली ती दिसू लागतात, आणि ज्याला कुत्रे पाळायचे आहे त्याला ती आईसकट पाहता येतात. आवडेल त्या रंगाचे पिल्लू, शक्य असेल तर मादी, दोन महिने आईजवळ राहू द्यावे, मग घरी आणावे आणि तीन महिन्यांचे होताच त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्यावी, व पुढे ती दरवर्षी द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. वरोरा, जि. चंद्रपूर